डावीकडून डावीकडे

सकाळी सात. परभणी. प्राणिगृहाचं दार
आधी थोडं उचलावं लागतं, मग ढकलावं.
भुशाचा, मुताचा, फिनेलचा वास
अंगावर येतो ओळखीच्या कुत्र्यासारखा.

खाजामियाँ माझ्या आधीच पोचलेले.
"म्याडम, सत्तेचाळीस रातभर फिरायलाय.
भुशात गोल पाडला बगा त्यानं."

खरंच. तळाचं प्लास्टिक दिसेपर्यंत
घासलेलं एक रिंगण,
आणि त्यात तो, पांढरा, सव्वीस ग्रॅम,
डावीकडून डावीकडे.

फरक एका अक्षराचा आहे.
हजारो अक्षरांच्या मजकुरात
एका ठिकाणी जीच्या जागी ए.
मिशा जशाच्या तशा, भूक तीच, दात तेच.
फक्त मान झटकतो, गिरकी घेतो,
आणि कानाशी टाळी वाजवली
तर कान हलत नाहीत.

माझ्या शाळेच्या हजेरीत कारकुनानं
सावळेचं साबळे केलं होतं.
सहा वर्षं मी साबळे या नावाला "हजर" म्हणत होते.
दाखल्यावर अजून तेच आहे.

"आईबाप तर सीधे चालतेत याचे,"
खाजामियाँ म्हणतात.
मी त्यांना हरभऱ्याचे दाणे मांडून दाखवते:
हा आईकडून, हा बापाकडून,
चारातल्या एकाच्या वाट्याला दोन्ही किडके.
ते चारही दाणे उचलून तोंडात टाकतात.
"समजलं," म्हणतात.

वर्तनाच्या रकान्यात रोज लिहायचं.
कापसाचा चौकोन ठेवला, बाकीच्यांनी पहाटेपर्यंत
वाटीसारखी घरटी केली.
सत्तेचाळीसचा कापूस चहूकडे. गुण: पाचपैकी एक.
पाण्याच्या चाचणीत साधा उंदीर
नाक वर काढून काठ शोधतो.
याला वर कुठे तेच कळलं नाही.
गरगरत खाली गेला, बुडबुडे सोडत.
नियम पाच सेकंदांचा.
तिसऱ्यालाच खाजामियाँचा हात
कोपरापर्यंत पाण्यात.
मी लिहिलं: तीन सेकंद. बाहेर काढला.
कारणाच्या रकान्यात: खाजामियाँ.
सरांनी त्याखाली लाल रेघ मारली.

फेब्रुवारीत उरुस भरला.
रात्री गेटासमोरून मिरवणूक गेली,
ढोल, कर्ण्यांच्या भिंती, काचा थरथरलेल्या.
मी नोंदी घेत आत होते.
एकूणएक पिंजऱ्यात उंदीर कोपऱ्यात,
एकावर एक, थिजलेले.
एका पिंजऱ्यात दोन पिलं आईच्या अंगाखाली
दबून मेली, हे सकाळी कळलं.
सत्तेचाळीस तेवढा आपल्या रिंगणात,
ना वेग वाढला, ना कमी झाला.
मी त्याच्याकडे पाहत राहिले
आणि घड्याळ चालू करायचं विसरले.
त्या रात्रीचा रकाना कोराच आहे.
"दोष" हा शब्द मी तिथे लिहिणार होते.

काम संपायच्या दिवशी
खाजामियाँनी रजा टाकली.
पुतणीची साखरपुडी, म्हणाले,
तिची मागच्याही वर्षी झाली होती.
सगळं मीच केलं. हात नीट चालले.

दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली
कानाच्या आतला तुकडा, मोहरीएवढाही नाही.
जिथे केसांच्या पेशी रांगेत ताठ उभ्या असतात
तिथे सगळ्या इकडेतिकडे, एकमेकींवर रेललेल्या.
खाजामियाँ दारात उभे होते.
"बघू?" म्हणाले.
चष्मा कपाळावर सारून
बराच वेळ भिंगात डोळा घालून बसले.

"वाऱ्यानं लोळविलेली ज्वारी," ते म्हणाले.
"आमच्या टाकळीला झाली होती एकदा,
काढणीला पंधरा दिवस ऱ्हायले अन्."

मग काय केलं, मी विचारलं.

"काढली की. दाणा तर होताच.
कंबर लई मोडती फक्त."

बाहेर जाऊन त्यांनी रिकामा पिंजरा धुतला,
ताजा भुसा पसरला, हातानं सपाट केला.
एकसष्ट नंबर, वय एकवीस दिवस, आत सोडला.
तो जागच्या जागी बसला होता.
आम्ही दोघं वाकून बघत होतो
आधी कुठल्या बाजूला वळतो ते.